मुल्की ते तेलंगण : शासकीय सेवकांच्या संघटना आणि राज्याचे राजकारण



लोकशाहीत शासकीय सेवकाचे स्थान मोठे विलक्षण असते. गिरणीतील कामगाराचा मालक निराळा आणि त्याचा आमदार निराळा. शासकीय सेवकाला मात्र ज्यांच्याकडे वेतनवाढ मागायची, त्यांनाच दर पाच वर्षांनी मत द्यायचे असते अथवा नाकारायचे असते. त्यामुळे गिरणी कामगाराचा संप हा नफ्यातील वाट्याचा प्रश्न राहू शकतो. शासकीय सेवकाचा संप, त्याची इच्छा असो वा नसो, राजकारणाचा प्रश्न होतो. वर्तणुकीचे नियम त्याला राजकीय पक्षाचा सभासद होऊ देत नाहीत. पण त्याच्या संघटनेने मंत्रिमंडळे हलविल्याची उदाहरणे आपल्या देशात आहेत.

या विधानाचा पडताळा पाहण्यासाठी हैदराबादकरांना दूर जाण्याचे कारण नाही. कचेरीतील खुर्चीवर कोणी बसावे, या वरवर क्षुद्र भासणाऱ्या प्रश्नातून राज्य कोणाचे, हा प्रश्न याच शहरात उभा राहिला आणि अखेरीस त्याने भारताचा नकाशा बदलला. त्या साऱ्या प्रवासात कारकून, शिक्षक, लेखापाल, वाहनचालक यांच्या संघटना अग्रभागी होत्या. त्यांचे गाऱ्हाणे भोवतालच्या समाजाचे गाऱ्हाणे झाले, तेव्हा त्यांच्यापुढे सरकारे नमली. आणि समाजाशी असलेला हा धागा जेथे सुटला, तेथे राज्य मिळूनही त्यांच्या हाती फारसे बळ उरले नाही. या एका सूत्राच्या आधारे त्या प्रवासाकडे पाहणे उचित ठरेल.

या कथेचा आरंभ संघटनांच्या जन्मापूर्वीचा आहे. पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ या काळात निजामाचे दिवाण होते. त्यांनी राज्यकारभाराची घडी नव्याने बसविली आणि महसूल, न्याय, शिक्षण इत्यादी खात्यांसाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे आणविली. पुढे कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतल्यावर हा ओघ वाढला. मुल्क म्हणजे देश; देशचा तो मुल्की आणि परदेशचा तो गैरमुल्की, असे दोन शब्द तेव्हापासून हैदराबादच्या सार्वजनिक जीवनात रुजले. १९१९ च्या फर्मानाने या शब्दांना नियमाचे रूप आले. जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला, अथवा पंधरा वर्षे वास्तव्य करून परत न जाण्याचे प्रतिज्ञापत्र देणारा, तो मुल्की. विशेष मंजुरीवाचून इतरांची नेमणूक होऊ नये, असा दंडक पडला. ही व्याख्या भाषेवर आधारलेली नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. औरंगाबादचा मराठी कारकून, गुलबर्ग्याचा कानडी कारकून आणि वारंगळचा तेलुगू कारकून या नियमापुढे सारखेच मुल्की होते.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर शेजारच्या प्रांतांतून अधिकारी व कर्मचारी मोठ्या संख्येने हैदराबादेत आले. तात्पुरते म्हणून आलेल्यांपैकी अनेक जण येथेच राहिले. मुल्कीपणाचे खोटे दाखले मिळू लागल्याची तक्रार घरोघर ऐकू येऊ लागली. १९५२ च्या उन्हाळ्यानंतर वारंगळात विद्यार्थ्यांनी चळवळ सुरू केली, ती राजधानीत पोहोचली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिटी कॉलेजच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थ्यांचे प्राण गेले. बुर्गुल रामकृष्णराव तेव्हा मुख्यमंत्री होते. न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डी यांच्यामार्फत चौकशी झाली. नोकरीच्या एका नियमावरून माणसे मरतात, याचा तो पहिला अनुभव होता. त्यापूर्वीच, १९४० च्या दशकात, संस्थानातील अराजपत्रित सेवकांची संघटना उभी राहिली होती. पुढे तीच तेलंगण अराजपत्रित अधिकारी संघ, अर्थात सर्वांच्या तोंडी असलेले ‘टीएनजीओ’, या नावाने प्रसिद्धीस आली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि तेलंगण आंध्र राज्याशी जोडले जाऊन आंध्र प्रदेश अस्तित्वात आला. माणसांबरोबर सेवापुस्तकेही वाटली गेली. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने, केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून सेवकाच्या सेवाशर्ती त्याला प्रतिकूल होतील अशा बदलू नयेत, असे अभय दिले होते. मराठी सेवकांपैकी अनेकांची वाटणी मुंबई राज्यात झाली. अनेक मराठी कुटुंबे हैदराबादेतच राहिली. मराठवाड्याला १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्यांचे आश्वासन मिळाले होते. तेलंगणाला १९५६ च्या फेब्रुवारीत दिल्ली येथे झालेला ‘सभ्य गृहस्थांचा करार’ मिळाला आणि त्यापाठोपाठ १९५७ चा संसदेचा कायदाही मिळाला. तेलंगण विभागातील विवक्षित नोकऱ्यांसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट या कायद्यामुळे घालता आली. एकाच संस्थानातून निघालेल्या दोन प्रदेशांपैकी एकाच्या पदरी आश्वासन पडले आणि दुसऱ्याच्या पदरी कायदा. न्यायालयात दाद मागता येते ती कायद्याच्या आधारे. पुढील सहा दशकांत तेलंगणात नोकरीचा प्रश्न सतत धगधगत राहिला, त्याचे एक कारण या फरकात आहे.

कायदा कागदावर होता. त्याचे पालन होते की नाही, हे पाहणारे डोळे कोणाचे? आमदाराला एखाद्या खात्यात किती जागा भरल्या गेल्या, हे विचारल्यावर कळते. वरिष्ठ कारकुनाला ते न विचारता ठाऊक असते. सेवाज्येष्ठतेची एकत्रित यादी प्रसिद्ध झाली की आपण कितव्या क्रमांकावर होतो आणि कितव्या क्रमांकावर आलो, हे त्याला ओळीनिशी कळते. संघटनेचे खरे सामर्थ्य या ज्ञानात होते. रिक्त जागा, बदल्या, पदोन्नत्या, खोटे दाखले यांची तिने वर्षानुवर्षे मोजदाद ठेवली. आणि तीच मोजदाद पुढे विद्यार्थ्यांच्या, वकिलांच्या व राजकीय पुढाऱ्यांच्या भाषणांत आली.

१९६९ च्या जानेवारीत ठिणगी पडली. खम्मम जिल्ह्यातील पाल्वंचा येथील औष्णिक वीज केंद्रात स्थानिकांना डावलल्याची तक्रार झाली आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. कासू ब्रह्मानंद रेड्डी यांच्या सरकारने २१ जानेवारीला शासकीय आदेश क्रमांक ३६ काढून गैरमुल्की सेवकांना त्या जागांवरून मोकळे करण्याचे ठरविले. ज्यांच्यावर हा आदेश कोसळला ते आंध्र भागातील सेवक न्यायालयात गेले. २८ मार्च १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या कायद्यातील संबंधित तरतूद घटनाबाह्य ठरविली. घटनेच्या १६ व्या अनुच्छेदाखाली संसद वास्तव्याची अट संपूर्ण राज्यासाठी घालू शकते, राज्याच्या एका भागापुरती नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. बारा वर्षे ज्या कायद्यावर तेलंगणातील सेवक विसंबून होते, तो एका दिवसात निष्प्रभ झाला. जून १९६९ मध्ये टीएनजीओने संप पुकारला. संघाचे अध्यक्ष के. आर. आमोस यांना, अनुच्छेद ३११ मधील चौकशीवाचून बडतर्फ करण्याच्या तरतुदीचा आधार घेऊन, सेवेतून काढण्यात आले. त्या वर्षीच्या गोळीबारांत मृत्यू पावलेल्यांची संख्या चळवळीचे लोक ३६९ सांगतात. विधानसभेसमोरच्या गन पार्कमधील स्तंभ त्यांच्याच स्मरणार्थ उभा आहे.

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीत तेलंगण प्रजा समितीने तेलंगणातील १४ पैकी १० जागा जिंकल्या आणि त्याच वर्षी हा पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला. नेत्यांना पदे मिळाली, पक्ष नाहीसा झाला. सेवकांची संघटना मात्र नाहीशी झाली नाही, कारण तिचा प्रश्न सुटला नव्हता. पुढची चाळीस वर्षे वेगळ्या तेलंगणाची स्मृती ज्या थोड्या जागी जतन झाली, त्यांत संघटनेच्या नामपल्लीतील कार्यालयाची गणना करावी लागते.

येथे दुसऱ्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. आंध्र भागातून आलेला कनिष्ठ लिपिक हा कोणी जेता नव्हता. राज्य एक झाले, राजधानी एक झाली, म्हणून तो हैदराबादेत आला. त्याची मुले येथील शाळांत शिकली. ३ ऑक्टोबर १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुल्की नियम वैध असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा आपल्याच राज्याच्या राजधानीत आपण परके ठरलो, अशी त्याची भावना झाली. त्यातून ‘जय आंध्र’ चळवळ उभी राहिली आणि आंध्र भागातील अराजपत्रित सेवक डिसेंबरपासून प्रदीर्घ संपावर गेले. जानेवारी १९७३ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव यांचे मंत्रिमंडळ गेले आणि राष्ट्रपती राजवट आली. अवघ्या चार वर्षांत दोन विभागांतील सेवक संघटनांनी परस्परविरोधी मागण्यांसाठी कारभार ठप्प केला होता. दोघींचीही गाऱ्हाणी खरी होती. एकीचा न्याय हाच दुसरीवरील अन्याय व्हावा, अशी रचना मात्र राज्यकर्त्यांनी केलेली होती.

या पेचातून २१ सप्टेंबर १९७३ चे षट्सूत्र, त्यानंतर घटनेतील अनुच्छेद ३७१-ड आणि १८ ऑक्टोबर १९७५ चा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. मुल्की हा शब्द गेला आणि त्याच्या जागी ‘स्थानिक’ हा शब्द आला. राज्याचे सहा विभाग पडले. जिल्हा पातळीवरील कनिष्ठ जागांपैकी ८० टक्के, विभागीय पातळीवरील अराजपत्रित जागांपैकी ७० टक्के आणि काही राजपत्रित जागांपैकी ६० टक्के जागा स्थानिक उमेदवारांसाठी राखल्या गेल्या. उमेदवार कोठे जन्मला यापेक्षा तो अखेरची चार वर्षे कोठे शिकला, यास महत्त्व आले. योजना विचारपूर्वक आखलेली होती. परंतु सचिवालय, खातेप्रमुखांची कार्यालये, मोठे प्रकल्प आणि हैदराबाद शहर पोलीस यांना तिच्यातून वगळले होते. आणि उरलेल्या जागी तिचे पालन होते की नाही, हे पाहण्याचे काम पुन्हा संघटनेवरच आले.

तिने ते केले. १९८५ मध्ये टीएनजीओने एन. टी. रामाराव यांच्या सरकारपुढे आकडे ठेवले. सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या समितीने राष्ट्रपतींच्या आदेशाविरुद्ध तेलंगणात नेमलेल्या सेवकांची संख्या ५८,९६२ असल्याचे नमूद केले. ३० डिसेंबर १९८५ रोजी शासकीय आदेश क्रमांक ६१० निघाला. अशा सेवकांना ३१ मार्च १९८६ पर्यंत आपापल्या विभागांत परत पाठवावे, असे त्यात म्हटले होते. तीन महिन्यांची ही मुदत वर्षांमागून वर्षे लांबली. २००१ मध्ये त्या अंमलबजावणीची तपासणी करण्यासाठी गिरग्लानी आयोग नेमावा लागला. ‘सहाशे दहा’ हा आकडा तेलंगणातील खेड्यापाड्यांत राजकीय घोषणा झाला. शासकीय आदेशाचा क्रमांक शेतकऱ्याच्याही तोंडी असावा, हे आश्चर्य खरे. पण त्या शेतकऱ्याचा मुलगा पदवी घेऊन नोकरीच्या रांगेत उभा होता, हे लक्षात घेतले की आश्चर्य उरत नाही. कारकुनाच्या पदोन्नतीचा प्रश्न आणि शेतकऱ्याच्या मुलाच्या नोकरीचा प्रश्न येथे एकरूप झाले होते.

९ ऑक्टोबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाने हैदराबाद शहर पोलिसांतील भरती स्थानिक आरक्षणाबाहेरची ठरली. त्याच महिन्यात सिद्दीपेट येथे सेवकांची प्रचंड सभा झाली. २९ नोव्हेंबरला के. चंद्रशेखर राव यांनी उपोषण आरंभिले आणि ९ डिसेंबरला केंद्राने तेलंगण राज्याची प्रक्रिया सुरू करण्याचे घोषित केले. ती प्रक्रिया अडली, तेव्हा सेवक पुन्हा पुढे झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये असहकार झाला. १३ सप्टेंबर ते २४ ऑक्टोबर २०११ असा ४२ दिवसांचा ‘सकल जनुल सम्मे’, म्हणजे सर्व लोकांचा संप, त्यानंतर झाला. कचेऱ्या, शाळा, एस.टी. आगारे आणि सिंगरेणीच्या कोळसा खाणी एकाच वेळी बंद पडल्या. कोळसा नाही म्हणून वीज नाही आणि वीज नाही म्हणून पंप नाही, अशी अवस्था झाली. ज्या शेतकऱ्याच्या नावाने संप चालला होता, त्याच्याही पिकाला त्याची झळ लागली. तरी लोकांनी तो सोसला, कारण तो त्यांना आपला वाटत होता.

दोन वर्षांनी याचेच प्रतिबिंब समुद्रकाठच्या आंध्रात व रायलसीमेत दिसले. ३० जुलै २०१३ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने विभाजनाचा निर्णय घेतला. त्यानंतर तिकडच्या अराजपत्रित सेवकांनी १२ ऑगस्टच्या मध्यरात्रीपासून १७ ऑक्टोबरपर्यंत, ६६ दिवस, संप केला. आपली राजधानी, आपली निवृत्तिवेतने आणि मुलांच्या नोकऱ्या यांचे काय होणार, ही चिंता त्यांच्यामागे होती. हा संप तेलंगणाच्या संपाहून लांबला, शिस्तीतही उणा नव्हता; पण दिल्लीचा निर्णय फिरला नाही. २ जून २०१४ रोजी तेलंगण अस्तित्वात आले.

येथून या कथेचा अवघड भाग सुरू होतो. टीएनजीओचे माजी अध्यक्ष के. स्वामी गौड २०१३ मध्ये पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर निवडून आले होते. ते तेलंगण विधान परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले. राजपत्रित अधिकाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष व्ही. श्रीनिवास गौड महबूबनगरचे आमदार आणि पुढे मंत्री झाले. आंध्रच्या संपाचे नेते पी. अशोक बाबू हेही २०१९ मध्ये तेलुगू देशम पक्षातर्फे तिकडच्या विधान परिषदेवर गेले. पदरात पदे पडली याबद्दल कोणा एका व्यक्तीला दोष देण्याचे कारण नाही. चळवळीतून पुढे आलेल्यांनी विधिमंडळात जावे, हे लोकशाहीला धरूनच आहे. मात्र ज्या सभागृहाच्या दारात कालपर्यंत निवेदन घेऊन उभे राहायचे, त्या सभागृहात आपलीच माणसे बसली, तर निवेदन कोणाला द्यायचे, हा प्रश्न संघटनेपुढे उभा राहिला. २०१४ मध्ये सेवकांना खास ‘तेलंगण वेतनवाढ’ मिळाली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये वेतननिश्चितीत ४३ टक्के वाढ जाहीर झाली. काही दिवसांतच आंध्र प्रदेशानेही आपल्या सेवकांना तोच आकडा दिला. नकाशावरून भांडलेली दोन राज्ये वेतनाच्या बाबतीत एकमताची ठरली.

त्याच २०१५ च्या जुलै महिन्यात हैदराबाद महानगरपालिकेचे सफाई कामगार संपावर गेले. त्यांतील फार मोठा वर्ग कंत्राटी होता. वेतन आयोगाची कक्षा त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. सरकारने त्यांचे मासिक वेतन ८,५०० रुपयांवरून १२,५०० रुपये केले, पण कामावर न परतलेल्या शेकडो जणांना काढूनही टाकले. रोज पहाटे रस्ता झाडणाऱ्या या स्त्री-पुरुषांचा सचिवालयातील संघटनेच्या पटावर कोठे उल्लेख नव्हता. २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत कनिष्ठ ग्रामपंचायत सचिवांनी सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी काम थांबविले. आपण संघटनेत सामील होणार नाही, असे नेमणुकीच्या वेळी त्यांच्याकडून लिहून घेतले असल्याची आठवण त्यांना करून देण्यात आली. संपांच्या बळावर जन्मलेल्या राज्याच्या अगदी तळाच्या सेवकाने संपच करू नये, अशी ती अट होती.

सर्वांत कठोर प्रसंग २०१९ चा. राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या सुमारे ४८ हजार कामगारांनी ५ ऑक्टोबरपासून संप पुकारला. महामंडळ शासनात विलीन करावे, ही त्यांची प्रमुख मागणी होती. २०११ च्या ४२ दिवसांत याच चालक-वाहकांनी गाड्या थांबविल्या होत्या. आता त्यांनीच आपल्याला बडतर्फ करून घेतले आहे, असे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. वेतन थांबले, काही कामगारांनी आत्महत्या केल्या. सचिवालयातील आणि जिल्हा कचेऱ्यांतील सेवकांनी त्यांच्यासाठी काम बंद केले नाही. ५२ दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, मागणी पदरात न पडता संप मागे घ्यावा लागला. त्यानंतर सरकारने त्यांना कामावर घेतले आणि संघटनांच्या जागी कल्याण समित्या आणल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये, विधानसभेची निवडणूक तोंडावर आली असताना, ४३ हजारांहून अधिक कामगारांना शासकीय सेवेत घेण्याचे विधेयक विधानसभेने संमत केले. जे संपाने साधले नाही ते निवडणुकीने साधले. त्या निवडणुकीत सत्तारूढ पक्ष पराभूत झाला, हेही नोंदविले पाहिजे. एवढ्यावरून सेवकांनीच सत्तांतर घडविले, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल.

कायद्याच्या दृष्टीने संपाला आधार किती, हा प्रश्न येथे उद्भवतो. शासकीय सेवकाला शांततापूर्ण निदर्शने करता येतात, परंतु संप हा मूलभूत हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद प्रकरणी म्हटले. २००३ मध्ये तमिळनाडू सरकारने संपकरी सेवक व शिक्षकांपैकी सुमारे १ लाख ७० हजार जणांना एका फटक्यात बडतर्फ केले. त्या प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, अशा सेवकांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक हक्क नाही, असा निर्णय दिला. बहुसंख्य सेवक पुढे परत घेतले गेले. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत तेथील सत्तारूढ पक्षाला राज्यातील ३९ पैकी एकही जागा मिळाली नाही. त्याची कारणे अनेक होती. तथापि न्यायालयातील विजय म्हणजे मतदारांची संमती नव्हे, एवढे तरी त्यावरून दिसते.

महाराष्ट्राचा अनुभव याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. तेथे १९७७-७८ मध्ये राज्य शासकीय सेवकांनी केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून ५४ दिवसांचा संप केला. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी ते पुन्हा एक आठवडा संपावर गेले. २०२१-२२ मध्ये एस.टी. कामगारांनी शासनात विलीनीकरणासाठी महिनोन्‌महिने गाड्या बंद ठेवल्या, पण ती मागणी मान्य झाली नाही. या साऱ्या लढ्यांचा भर वेतन, भत्ते आणि सेवाशर्ती यांवर होता. मराठवाड्याच्या नोकऱ्यांचा अनुशेष हा तेथे विकास परिषदांचा, वर्तमानपत्रांचा आणि पुढाऱ्यांचा विषय राहिला; कचेरीतील संघटनेने तो आपल्या ध्वजावर लिहिला नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील संप बहुधा सेवकांचे राहिले आणि तेलंगणातील संप लोकांचे झाले. पहिल्या प्रकारात दाराबाहेर ताटकळणारा नागरिक चिडतो. दुसऱ्या प्रकारात तो काही काळ तरी संघटनेच्या बरोबर चालतो. पण बरोबर चालणाऱ्याची आठवण विजयानंतर ठेवणे, ही त्या संघटनेची जबाबदारी ठरते.

ही जबाबदारी पार पाडण्याचा मार्ग या प्रदेशातच दिसतो. सिंगरेणीच्या खाणींत मान्यताप्राप्त संघटना कोणती, हे १९९८ पासून कामगारांच्या गुप्त मतदानाने ठरते. २०१२ व २०१७ मध्ये तेथे सत्तारूढ पक्षाशी संलग्न संघटना निवडून आली. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यात सत्तांतर झाले, तेव्हा ती पराभूत झाली. परंतु नव्या सत्तारूढ पक्षाच्या संघटनेलाही खाण कामगारांनी पहिला क्रमांक दिला नाही. तो कम्युनिस्टांच्या संघटनेला दिला. राज्याच्या निवडणुकीत एक मत आणि खाणीच्या निवडणुकीत दुसरे मत देण्याचा हा विवेक, गुप्त मतपत्रिका हाती असली म्हणजे साधा कामगारही दाखवू शकतो. परिवहन महामंडळात २०१९ नंतर संघटनांच्या निवडणुका थांबल्या, तेव्हा कामगाराच्या हातून हेच साधन गेले होते. नेत्याला सत्तेच्या मांडीवर बसण्याचा मोह होतो, तेव्हा त्याला खाली ओढण्याचा अधिकार सभासदाकडे असला पाहिजे. वर्तणुकीच्या नियमांतील एखाद्या कलमापेक्षा हा अधिकार अधिक परिणामकारक आहे.

दुसरी गोष्ट पटाबाहेरील माणसांची. गेल्या काही दशकांत शासनाचे पुष्कळ काम कंत्राटी, मानधनी आणि तात्पुरत्या सेवकांकडे गेले आहे. कायम सेवकाच्या वेतनाची चर्चा आयोगापुढे होते. या माणसांचे वेतन कंत्राटदाराच्या वहीत ठरते. नागरिकाचा शासनाशी रोजचा संबंध मात्र बहुतेक वेळा याच माणसांमार्फत येतो. पाणी सोडणारा, कचरा उचलणारी, दवाखान्यात पट्टी बांधणारी, पंचायतीत दाखला देणारा यांना वगळून बांधलेली संघटना स्वतःच्या सभासदांचे हित साधू शकेल. समाजाचे गाऱ्हाणे आपले म्हणण्याचा अधिकार मात्र ती गमावून बसेल. संख्या आणि निधी शाबूत असूनही २०१९ मध्ये मोठ्या संघटना ज्या अर्थाने दुबळ्या दिसल्या, तो अर्थ हाच होता.

राज्य झाल्यानंतरही याद्यांचे वाद संपले नाहीत. सेवकांच्या वाटणीसाठी कमलनाथन समिती बसली. जून २०१५ मध्ये तेलंगणाच्या वीज कंपन्यांनी अकराशेहून अधिक सेवकांना आंध्रचे म्हणून मोकळे केले आणि तो वाद न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्यापुढे वर्षानुवर्षे चालला. डिसेंबर २०२१ मध्ये शासकीय आदेश क्रमांक ३१७ ने तेलंगणातल्या तेलंगणात जिल्हावार वाटणी केली, तेव्हा आपापल्या जिल्ह्यांतून उचलून दूर पाठविले गेलेले शिक्षक पुन्हा रस्त्यावर आले. मुल्कीची सीमा संस्थानाची होती, स्थानिकाची विभागाची झाली, आता ती जिल्ह्यापर्यंत येऊन ठेपली आहे.

१९५२ मध्ये दाखल्यासाठी कचेरीत गेलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारला जाई : तू येथला आहेस काय? त्या प्रश्नाचे न्याय्य उत्तर मिळावे म्हणून शासकीय सेवकांच्या संघटना सहा दशके झगडल्या, आणि त्या झगड्यातून एक राज्य जन्मास आले. आज त्याच कचेरीच्या व्हरांड्यात कंत्राटावर झाडू मारणारी स्त्री उभी आहे. ती येथलीच आहे, याविषयी कोणाला शंका नाही. ती आपली आहे काय, या प्रश्नाचे उत्तर आता संघटनेने द्यावयाचे आहे.